कोतवालाची ओळ

आमच्या संस्थेला आजवर चार डीन लाभले आणि चौघांचीही ‘पार्श्वभूमी’ मी लिहिली. दारावरच्या पाटीवर ‘अधिष्ठाता’ असं लिहिलेलं आहे, पण तो शब्द उच्चारताना शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांची जीभ अडखळते, म्हणून सगळे डीन सर म्हणतात. धुळ्यात पांझरेच्या पलीकडे, देवपुरात, एका शिक्षणसंस्थेच्या जुन्या इमारतीचा दुसरा मजला आमच्याकडे आहे. तिथे सार्वजनिक धोरण या विषयात एम.ए. करता येतं. सरकार निर्णय कसा घेतं, तो खाली कसा पोचतो आणि वाटेत त्याचं काय काय होतं, हे आम्ही शिकवतो. मी तिथे कंत्राटी सहायक प्राध्यापक आहे. दर वर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर निघते आणि दर वर्षी मे महिन्यात माझा जीव टांगणीला लागतो.

माझं मराठी चांगलं आहे असा बोभाटा झाल्यामुळे निमंत्रणपत्रिका, मानपत्रं, पाहुण्यांचे परिचय, सगळं माझ्या गळ्यात पडलं. परिचय लिहिण्यात माझा हातखंडा आहे असं मी स्वतःच लोकांना सांगायचे. आमचे पहिले डीन निवृत्त सनदी अधिकारी होते. नोकरीची शेवटची सात वर्षं सरकारनं त्यांना अडगळीच्या खात्यांत बसवून ठेवलं होतं. मी लिहिलं, ‘विविध विभागांत धोरणात्मक जबाबदाऱ्या’. दुसरे पुण्याहून आले होते, परदेशातली पदवी घेऊन. शुक्रवारी दुपारचं जेवण झालं की त्यांचं सगळं लक्ष बसच्या वेळेकडे. दीड वर्षात गेले. त्यांच्याबद्दल मी ‘खान्देशच्या मातीशी जवळचं नातं’ असं लिहिलं, कारण त्यांना इथलं भरीत आवडायचं. दोघांनीही वाचून मान डोलावली. यात खोटं काही नाही, नुसती शब्दांना इस्त्री केली, असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचे आणि हशा पिकायचा.

तिसरे डीन जळगावचे. रोज सकाळच्या एसटीनं यायचे, संध्याकाळच्या एसटीनं जायचे. ते प्रभारी होते. दुसरे सर तडकाफडकी गेले तेव्हा ज्येष्ठ म्हणून यांना खुर्चीत बसवलं आणि कायमची नेमणूक दोन वर्षं रखडली. सरांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं महिनाभर एखाद्या तलाठी कार्यालयात बसून काम बघायचं, अशी पद्धत त्यांनी नव्यानं सुरू केली होती. विद्यार्थी कुरकुरत जायचे आणि येताना वेगळेच होऊन यायचे. सर कायम झाले तर ही पद्धत टिकणार होती, नाहीतर पुढचा माणूस तिला गुंडाळून ठेवणार, हे उघड होतं.

शेवटी एकदाची जाहिरात निघाली. त्याच सुमारास संस्थेची माहितीपुस्तिका नव्यानं काढायची ठरली. मुलाखतीला येणाऱ्या निवड समितीपुढे अर्जांबरोबर तीही ठेवायची होती. तिच्यात एक पान ‘आमचे अधिष्ठाते: नेतृत्वाची पार्श्वभूमी’ असं होतं. मी सरांना कोरा कागद दिला, माहिती लिहून मागितली. दुसऱ्या दिवशी तो परत आला. सरांचं अक्षर बाळबोध आणि ठसठशीत. पहिलीच ओळ होती, ‘कोतवाल, अकरा वर्षे. गावात आलेला प्रत्येक सरकारी आदेश लोकांना समजेल असा मोठ्याने सांगणे.’ त्याखाली बाकीचं सगळं, बाहेरून बसून केलेलं बी.ए. आणि एम.ए., पीएच.डी., विभागप्रमुखपद, विद्यापीठाच्या समित्या.

कोतवाल म्हणजे गावातला महसुलाचा सगळ्यात खालचा माणूस. डफडं वाजवून दवंडी देणं, तलाठ्याचं दप्तर उचलणं, ज्याला बोलावलं त्याच्या शेतावर जाऊन निरोप देणं, साहेब आले की खुर्ची टाकणं आणि माठातलं पाणी आणून देणं. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझे वडील, म्हणजे आबा, पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावात चौतीस वर्षं कोतवाल होते.

हे वाक्य मी इथे लिहिलं, पण देवपुरात तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या लग्नाच्या बायोडाटावर ‘वडील: महसूल खात्यातून सेवानिवृत्त’ असं होतं. तेही माझ्याच हातचं. सासरच्यांना नंतर कळलं, त्यांनी फार मनावर घेतलं नाही, पण घराबाहेर कुणाला सांगितलंही नाही. नोकरीला लागल्यावर कुणी विचारलं तर मी तेच म्हणायचे, महसूल खात्यात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टेबल, पंखा, निदान नायब तहसीलदार उभा राहायचा, आणि मी तो राहू द्यायचे.

त्यामुळे सरांची ती पहिली ओळ वाचून मला राग आला. आज खरं सांगते, आदर वगैरे काही वाटला नाही, रागच आला. एवढं शिकून, एवढ्या वर जाऊन हा माणूस ते डफडं अजून गळ्यात घेऊन का फिरतो, असं वाटलं.

तसं डफडं त्यांनी संस्थेत आणलंच होतं. त्यांचा एक तास असायचा. शुक्रवारी चार पानांचा शासन निर्णय विद्यार्थ्यांच्या हातात द्यायचे आणि सोमवारी खालच्या अंगणात एकेकाला उभं करून त्याची दवंडी द्यायला लावायचे. अट एकच, तीन वाक्यांत सांगायचं, आणि उद्या मी काय करायचं हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. एकदा शिरपूरकडची एक मुलगी धीटपणे उभी राहिली आणि थेट अहिराणीत म्हणाली, “ऐका हो ऐका, ज्यानं रेशनकार्डवर नाव नही, त्यानी कागदं लिसन परोदिन ग्रामपंचायतमा येवानं.” सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, कोणते कागद, परवा किती वाजता, आणि जी म्हातारी अंथरुणाला खिळलीय तिनं काय करायचं. मुलीनं शासन निर्णय उघडून पाहिला तर चार पानांत त्या म्हातारीचा उल्लेखच नव्हता. धोरणात राहिलेलं भोक दवंडी देताना सापडतं, असं सर म्हणाले आणि पुढच्याला उभं केलं.

मी हे वरच्या गॅलरीतून बघत होते. बाकीचे प्राध्यापक चेष्टा करत होते, आता पुढच्या वर्षी लेझीम, असं कुणीतरी म्हणालं. मीही हसले. माझे कान मात्र गरम झाले होते. कारण ‘ऐका हो’ मधला तो लांबवलेला ‘हो’ मी लहानपणी रोज ऐकला होता, आणि शाळेच्या खिडकीशी तो आला की मी वहीत डोकं घालून बसायचे.

तर मी ती ओळ काढली. तिच्या जागी लिहिलं, ‘महसूल प्रशासनात अकरा वर्षे जबाबदारीच्या पदावर कार्य’. सरांचं भलंच होईल, समितीपुढे बरं दिसेल, अशी मनाची समजूत घातली. पण खरं कारण वेगळं होतं. पुस्तिकेच्या शेवटी आम्हा शिक्षकांचे फोटो होते. डीन कोतवाल असं छापून आलं की गप्पांत कोतवालाचा विषय निघणार, कुणीतरी मला विचारणार, तुमचे वडीलही महसुलातच होते ना मॅडम, आणि मी काय सांगणार होते?

सरांनी कच्चा मसुदा माझ्या टेबलापाशी उभ्या उभ्या वाचला. म्हणाले, “मॅडम, माझी पहिली ओळ गळली वाटतं. बसत असेल तर घाला.”

मी म्हटलं, “सर, पुस्तिका छपाईला गेली.”

गेली नव्हती. तिची शेवटची प्रत माझ्या पर्समध्ये होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी छापखान्यात देणार होते. सर बरं, असू द्या, एवढं म्हणून एसटी गाठायला गेले. त्या संध्याकाळी पांझरेच्या पुलावरून रिक्षानं घरी जाताना मी दोनदा पर्स उघडली आणि दोनदा बंद केली. एक ओळ बदलायला दोन मिनिटंही लागली नसती.

मुलाखतीचा दिवस आला. समितीचे तिघे नाशिक-मुंबईकडून गाडीनं यायचे होते, महामार्गावर कुठेतरी अडकले, उशिरा आले. इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं, माझं मराठी चांगलं म्हणून. चार उमेदवार होते. सरांचा नंबर तिसरा. ते खादीचा धुतलेला शर्ट घालून आले होते, खिशाला दोन पेनं. पहिली पंधरा मिनिटं इतकी छान गेली की समितीतल्या बाई पुढे सरकून ऐकायला लागल्या. तलाठी कार्यालयातल्या महिन्याबद्दल त्यांनी बरेच प्रश्न विचारले. मला वाटलं, झालं काम.

मग समितीच्या अध्यक्षांनी एका हातात अर्ज घेतला आणि दुसऱ्या हातात माझी पुस्तिका. शांत आवाजात विचारलं की महसूल प्रशासनात अकरा वर्षं जबाबदारीच्या पदावर होता, तर कोणत्या पदावर. सर म्हणाले, कोतवाल. अध्यक्षांनी अर्जावर बोट ठेवलं, हो, इथे तसंच आहे, मग पुस्तिकेत हे असं का. संस्थेच्या छापील पुस्तिकेत एक आणि अर्जात दुसरं, हे बरं दिसत नाही, धोरण शिकवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाकडून तर नाहीच. कोतवाल असण्यात कमीपणा काही नाही, पण फुगवून सांगण्यात आहे, असंही म्हणाले. माणूस वाईट नव्हता. जे हातात होतं त्यावरून त्यांनी बरोबरच विचारलं होतं.

मी सरांपासून चार हातांवर बसले होते. हातात पेन होतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की ते वाक्य माझं आहे. मे महिना जवळ होता, ऑर्डर निघायची होती, आणि संस्थेचे अध्यक्ष कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. मी इतिवृत्तावरची तारीख पुन्हा गिरवली.

सर म्हणाले, “अर्जातलं खरं आहे. पुस्तिका माझ्या कारकिर्दीत निघाली, तेव्हा चूक माझी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं मी नंतर कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिले. तेही खरं नाही. सर बाहेर गेल्यावर समितीच्या अध्यक्षांनी मला मजकूर सांगितला आणि मी खाली मान घालून सुवाच्य अक्षरात लिहून घेतला, ‘उमेदवाराच्या अनुभवाविषयीच्या माहितीत विसंगती आढळली.’ विसंगती या शब्दातला अनुस्वारसुद्धा मी नीट दिला.

निवड दुसऱ्याची झाली. सर प्रभारी पदावरून मोकळे झाले आणि चार महिन्यांनी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. जायच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. मी उभी राहिले. त्यांनी सांगितलं की दवंडीचा तास बंद होऊ देऊ नका. मी हो म्हटलं. नवे डीन व्यवस्थापनशास्त्रातले आहेत. सर गेल्यावर महिन्याभरात त्यांनी तो तास बंद केला, तलाठी कार्यालयातला महिनाही ऐच्छिक केला. बैठकीत मी मूग गिळून बसले. मग त्यांचीही पार्श्वभूमी लिहून दिली.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. खान्देशात सासुरवाशिणी आखाजीला माहेरी जातात, निंबाला झोके बांधतात. माझं आता झोक्याचं वय नाही, पण आबा एकटे असतात म्हणून जाते. या वेळी त्यांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, तुझा फोटो असलेलं ते पुस्तक घेऊन ये. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा अंधुक आहे, आणि कानांनीही अलीकडे दगा दिलाय. दुपारी ओट्यावर बसून ते पुस्तिका डोळ्यांशी धरून एकेक पान बघत होते. माझा फोटो येण्याआधीच त्यांचं बोट एका पानावर थांबलं.

“हाऊ तं आमना कोतवाल शे,” आबा म्हणाले.

मग ते भराभर सांगायला लागले. हा शेजारच्या गावचा, वयानं बराच लहान. तहसील कचेरीच्या ओसरीत दोघं एकाच सतरंजीवर बसायचे. हा तिथेही पुस्तक घेऊन बसायचा, साहेबानं हाक मारली की पुस्तक सतरंजीखाली सरकवायचा. त्याची परीक्षा आली की रजा मिळायची नाही. तेव्हा आबा सायकलीवर डफडं बांधून त्याच्या गावाला जायचे. “त्यानी परीक्षा ऱ्हाये तव्हय त्याना गावनी दवंडी मी देऊ,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मी कधी नव्हे इतका खुललेला पाहिला.

मग त्यांनी पुस्तिका माझ्या हातात दिली आणि वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. महसूल प्रशासनात अकरा वर्षे जबाबदारीच्या पदावर कार्य.

“कोन्त्या पदवर?” आबांनी विचारलं.

समितीच्या अध्यक्षांनी विचारला होता तोच प्रश्न. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हे तूच लिहिलंस ना, असं विचारलं. मी मान हलवली. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात सरांनी कुणाकडून तरी नंबर मिळवून आबांना फोन केला होता, तुमची मुलगी आमच्याकडे आलीय म्हणून. मी स्टाफरूममध्ये वडिलांबद्दल काय सांगते तेही सरांच्या कानावर गेलं होतं. सरांचं त्यावर एवढंच म्हणणं होतं, आबांनी ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं, “तिले सांगू नका म्हने. तिना मनमा ई तव्हय तीच सांगी.”

म्हणजे सरांना सगळं माहीत होतं. मी ती ओळ का गाळली, छपाईला गेली असं का म्हटलं, मुलाखतीत मी का बोलले नाही, सगळं. चूक माझी असं ते म्हणाले तेव्हा त्यांनी नुसती एक कारकुनी चूक अंगावर घेतली नव्हती. माझी लाज झाकली होती. आणि आबांनाही माहीत होतं, कितीतरी वर्षं. लग्नाच्या बायोडाटापासून. वाचता त्यांना येतं.

मी म्हटलं, “आबा, मला तुमच्या कामाची लाज वाटायची.”

“माले माहीत शे,” आबा म्हणाले.

मग मी त्यांना मुलाखतीची सगळी हकीगत सांगितली. सर कायम झाले नाहीत ते माझ्यामुळे, हेही सांगितलं. पुढे धुळ्याला परतल्यावर मी संस्थेला एक पत्र दिलं, ते वाक्य माझं होतं आणि माझे वडीलही कोतवाल होते असं लिहून. त्यावर आवक क्रमांक पडला आणि ते फाईलला लागलं. नेमणूक काही बदलली नाही. सरांना फोन केला, त्यांनी आबांच्या डोळ्याची चौकशी केली आणि दुसऱ्या विषयावर गेले. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी आबांनी सगळं ऐकून घेतलं. निंबाखाली झोके चालले होते, गाणी चालली होती. आबा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेवटी त्यांनी बोटानं पुस्तिकेकडे खूण केली. “आते बराबर वाच.”

मी ते पान पुन्हा उघडलं. छापलेलं सोडून सरांनी त्या कागदावर लिहिलेलं जसं आठवत होतं तसं म्हटलं, कोतवाल, अकरा वर्षे, गावात आलेला प्रत्येक सरकारी आदेश लोकांना समजेल असा मोठ्याने सांगणे. आबांनी मान डोलावली. मग त्यांनी न सांगताच मी पुढे म्हटलं, माझे वडील, कोतवाल, चौतीस वर्षं. पण माझा आवाज अगदीच खाली गेला होता.

आबांनी कानामागे हात धरला.

“जोरमा,” ते म्हणाले. “गल्लीले ऐकू जावाले जोयजे.”

मी उभी राहून पुन्हा म्हटलं. झोक्यावरच्या बायका गाणं थांबवून आमच्या ओट्याकडे बघायला लागल्या.